बिनमेंढरांचं नाटक

कोयनानगरच्या कॉलनीतल्या त्या हॉलमध्ये शिरलो आणि आधी ओल्या सतरंजीचा वास आला. दिवाळी होऊन गेली तरी इथल्या सतरंज्या वाळत नाहीत. तीस वर्षांपूर्वीही वाळत नव्हत्या. प्रयोगाच्या आधी आम्ही सगळे त्यांच्यावर आडवे व्हायचो. पाठीला गारवा लागायचा आणि उठलं की शर्टाला तो वास चिकटलेला असायचा. घाट उतरून पाटणला पोचलो तरी तो जायचा नाही.

रंगमंच मला आठवत होता त्याच्या निम्मा निघाला. मखमली पडदा गेला होता. त्या जागी पांढरी चादर ताणून बांधली होती, कारण संध्याकाळी इथं माझा सिनेमा दाखवायचा होता. कॉलनीतल्या निवृत्त मंडळींनी बोलावलं होतं. 'ज्या हॉलमध्ये नाटक झाले, त्याच हॉलमध्ये त्याचा सिनेमा,' असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. आधी सिनेमा, मग माझा सत्कार, मग गप्पा. मी चादरीमागं जाऊन विंगेत उभा राहिलो. नाटकात मी मुलगा होतो, आईला सोडून जायला निघालेला. शेवटच्या अंकात मी इथंच पाठमोरा थांबायचो. आणि मधोमध, रिकाम्या फळ्यांवर, हौसाक्का बसलेल्या असायच्या.

ते नाटक होतं 'थोरलीचा मुक्काम'. आमच्या कॉलेजातल्या बंडगर सरांनी लिहिलेलं. सर मूळचे दुष्काळी पट्ट्यातले, मेंढपाळांच्या घरातले. शिकून सांगलीत मराठीचे प्राध्यापक झाले, पण बोलता बोलता मधेच थांबून कान द्यायचे, जणू लांबवर कुठं कळप चुकलाय. थोरली म्हणजे कळप घेऊन दरवर्षी कोकणात उतरणारी आणि पावसाआधी परतणारी म्हातारी. एका वर्षी परतीच्या मुक्कामावर मुलगा सांगतो की आता विहीर लागली, रान भिजलं, मेंढरं नकोत. थोरली तिथून हलायचं नाकारते. एवढीच गोष्ट. आणि सगळ्या नाटकात मेंढरू एकही नाही. "मेंढरं बाईच्या तोंडातून आली पाहिजेत," सर म्हणायचे. "तिनं हाक घातली की लोकांनी पाय आखडून बसलं पाहिजे, कळपाला वाट द्यायला."

थोरलीचं काम आधी सुमनताईंकडं होतं. त्या बँकेत होत्या, सांगलीच्या नाटकवेड्या घरातल्या, आवाज घोटलेला. पण हाक काही जमेना. म्हणून सरांनी आपल्या नात्यातल्या हौसाक्कांना बोलावलं, नुसती भाषा शिकवायला. अक्का तेव्हा हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायच्या. तालमीला आल्या त्या थेट कामावरून. लुगडं पिवळं, नखं पिवळी, पापण्यांवरसुद्धा पिवळी धूळ. खोलीभर हळदीचा कडवट, उबदार वास झाला. अक्का संकोचून भिंतीला टेकल्या, आणि सर म्हणाले, "घाला बघू एकदा हाक."

जीभ टाळूला लावून त्यांनी एक बारीक आवाज काढला, मग ओठांनी दुसरा, मग छातीतून तिसरा. आम्ही सगळ्यांनी खरोखर दाराकडं बघितलं.

सुमनताईंनी हातातली वही मिटली. "सर, हे काम यांचं आहे," त्या म्हणाल्या. "मला शेजारणीचं द्या. मी यांच्यापाशी बसून नुसतं ऐकेन."

इतकं सोपं होतं ते. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कोपऱ्यात उभा राहून ते पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या वर्षांचे वास अजून वेगवेगळे ओळखता येतात मला. आष्ट्याला बाजाराच्या मैदानात प्रयोग झाला तेव्हा वारा गुऱ्हाळाकडून होता. पहिल्या दोन अंकांना काकवीचा वास आणि तिसऱ्याला जळत्या चिपाडांचा. साताऱ्याला थंडी असायची. मेकअपची पावडर अंगावर गार पडायची आणि अक्का म्हणायच्या, "ही राख कशापाय फासताय रं मला? म्हातारी हायच की मी." तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या. प्रयोगाआधी एका वर्तमानपत्रावर भडंग ओतून सगळे भोवती बसायचे. लसणाच्या पाकळ्या अक्का निवडून माझ्या बाजूला सारायच्या. तिसरी घंटा झाली की त्या वाकून दोन्ही तळवे फळ्यांना लावायच्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणायच्या, "येती गं." कुणाला म्हणायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

आणि मग इथला, कोयनानगरचा प्रयोग. दुपारचा, खास बायकांसाठी ठेवलेला. हॉल गच्च भरला होता. सतरंज्यांवर बायका, मांडीवर पोरं, खिडक्यांतून धुकं आत आलेलं. तिसरा अंक लागला होता. अक्का एकट्याच, मुक्कामावर, नसलेल्या कळपाच्या मधे. मी विंगेत पाठमोरा.

आधी पत्रे वाजले. मग खालून कुणीतरी धक्का मारावा तशा फळ्या उचलल्या. वरचा दिवा झुलायला लागला. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही. एका दमात सगळा हॉल उठला. कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि दाराकडं रेटारेटी सुरू झाली. दार एकच होतं, अरुंद. मी स्वतः पळायला वळलो होतो, हे इथं लिहून ठेवतो.

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी तीच हाक घातली, हळू, छातीतली. मग हात पसरून भोवतीच्या रिकाम्या फळ्यांवरून फिरवला, पाठीवरून फिरवावा तसा.

"भिऊ नगासा गं बायांनो," त्या मेंढरांना म्हणाल्या. "धरणी कूस बदलतीया. एका अंगावर किती निजंल ती बी?"

नाटकात असं वाक्य नव्हतं. दाराशी पोचलेली एक बाई थांबली. तिच्यामागची थांबली. दिवा अजून झुलत होता. कोण आधी बसलं ते कळलं नाही, पण पाण्यावरची लाट विरावी तशा त्या सगळ्या बायका परत खाली बसल्या. अक्कांनी शेवटचं कोकरू जवळ घेतलं, जे नव्हतंच, आणि अंक पुढं चालू झाला.

परतीच्या गाडीत, घाट संपताना सर म्हणाले, "आज नाटक संपलं. आता आपण नुसते प्रयोग करायचे."

पुढं मी मुंबईला गेलो. मालिका लिहिल्या, संवाद लिहिले, नाव झालं. मंडळी पांगली. सुमनताई मुलाकडं गेल्या. सर थकले. त्यांना शेवटचं भेटलो तेव्हा मी सिनेमाचं काढलं, तर ते बराच वेळ खिडकीबाहेर कान देऊन बसले. "कर," म्हणाले. "पण मेंढरं आणू नकोस."

सिनेमात मेंढरं नाहीत, असं कुणाला सांगणार? निर्मात्यांनी दोनशे सांगितली होती. आम्ही तीनशे आणली.

पण लाज वाटते ती मेंढरांची नाही.

सिनेमा ठरला त्याच आठवड्यात मी अक्कांकडं गेलो होतो. सांगलीच्या विश्रामबागेत, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत त्या नातीकडं राहायच्या. सत्तरी कधीच ओलांडली होती. "अक्का, सिनेमातही थोरली तुम्हीच," मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दात पडल्यात रं माझं."

"थोरलीचे तरी कुठं शाबूत असणार?"

त्या पदराआड हसत राहिल्या. नंतर हात धुऊन आत गेल्या आणि देवापुढं काहीतरी ठेवून आल्या.

पंधरा दिवसांनी निर्माते म्हणाले, "चेहरा लागेल. ओळखीचा." मी म्हणालो, हौसाक्काच पाहिजेत. एकदाच म्हणालो. आवाज न चढवता. ते हसून म्हणाले, त्यांना भाषेसाठी बोलवा ना, सन्मानानं. मी होकार दिला. सांगलीला फोन करायचा होता तो उद्यावर टाकला, मग परवावर. शेवटी केला तो शूटिंग सुरू झाल्यावर. "अक्का, गाडी पाठवतो, या," एवढंच बोललो. काय म्हणून या, ते बोललो नाही.

साताऱ्याच्या पूर्वेला, दहिवडीच्या पुढं एका माळावर मुक्काम उभारला होता. सकाळचं कोवळं ऊन, मेंढरांच्या लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. गाडीतून अक्का उतरल्या. काखेत गाठोडं. त्यात त्यांचं नाटकातलं इरकली लुगडं आणि घोंगडी. आणि पाय अनवाणी.

"चप्पल कुठंय अक्का? काटे आहेत."

"म्हैना झाला घालायची सोडून," त्या म्हणाल्या. "शेरात राहून पाय मऊ पडलं हुतं. थोरलीचं पाय तसं कसं चालतील? रोज त्या रेल्वेच्या खडीवनं जाऊन येतीया. बघ आता."

त्यांनी पाऊल वळवून टाच दाखवली. भेगा खोल गेल्या होत्या. एकीत रक्त सुकलेलं होतं. चेहऱ्यावर असा आनंद, की मी खाली बघत राहिलो.

तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून बाई बाहेर आल्या. चेहरा सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला. अंगावर इरकली लुगडं, अगदी तसंच. अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"ही कोन?"

"या... या थोरली करतायत, अक्का."

"आनि मी?"

"तुम्ही त्यांना भाषा शिकवायची. हाक शिकवायची. तुमच्याशिवाय कुणाला येते?"

वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत होतं. अक्का म्हणाल्या, "बरं." गाठोडं त्यांनी बाकाखाली, आतल्या बाजूला सारलं, कुणाला दिसणार नाही असं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, शेजारी बसवून घेतलं. मेकअप करणारा खोका घेऊन आला आणि बाईंच्या टाचांवर तपकिरी रंगानं भेगा काढायला लागला. काही केल्या खऱ्या दिसेनात. त्याचं लक्ष अक्कांच्या पायांकडं गेलं.

"आजी, जरा पाय इकडं करता?"

अक्कांनी पाय पुढं केला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, जवळून, दोन-तीन. मग फोटो बघत बघत एक एक भेग उतरवून घेतली. अक्का वाकून निरखत होत्या.

"असं बी निघतंय व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "मला ठावं न्हवतं."

मी तिथून उठून कॅमेऱ्याकडं गेलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

चार दिवस त्या होत्या. हातचं राखून शिकवलं नाही त्यांनी. जीभ कुठं लावायची, श्वास कुठं सोडायचा, बसताना आधी कुठला गुडघा टेकायचा, सगळं सांगितलं. बाईंना हाक जमली नाही, तेव्हा अक्कांची हाक ध्वनिमुद्रित करून घेतली आणि सिनेमात ती बाईंच्या तोंडी लागली. श्रेयनामावलीत अक्कांचं नाव 'विशेष आभार' मध्ये आहे, गाड्या पुरवणाऱ्यांच्या खाली.

आणि भूकंप. नाटकात नसलेला, पण मला सोडवेना. मी तो सिनेमाचा शेवट केला. जमीन हादरते, कळप उधळतो, बाई उभ्या राहतात आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, 'धरणी कूस बदलते, तेव्हा माणसानं जागा सोडायची नसते.' हे माझं वाक्य. म्हणजे अर्धं माझं. तेच पोस्टरवर गेलं, रिक्षांच्या मागं गेलं.

सिनेमा लागल्यावर मी अक्कांना दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. विश्रामबागेतच. त्यांनी सगळा वेळ पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बाहेर आलो, चहाच्या टपरीवर उभे राहिलो. "कसा वाटला?"

"मेंढरं झ्याक हुती," त्या म्हणाल्या. बशीतला चहा फुंकला. "बाई बी गुणाची हाय. लय राबली."

"अक्का, ते शेवटचं... ते कोयनेचं तुमचंच घेतलंय मी."

"कळलं की. आनि ते जागा सोडायची न्हाई म्हनून, ते कुठनं आलं?"

"ते मी घातलं. जरा जोर यावा म्हणून."

"जोर कशाला रं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "घाबरल्यालं असतंय त्ये. घाबरल्याल्याम्होरं कोन जोरानं बोलतंय व्हय?" बशी खाली ठेवून त्यांनी ओठ पुसले. "आनि बाळा, ते मी मेंढरास्नी म्हनलं हुतं. तुला न्हवं."

रागानं नाही. पत्ता चुकलेल्याला पत्ता सांगावा, तसं.

एवढं ऐकूनही, सहा महिन्यांनी त्याच संवादांसाठी मला पुरस्कार मिळाला आणि निवेदिकेनं व्यासपीठावर विचारलं, "हे वाक्य सुचलं कसं?" तेव्हा मी म्हणालो, "लहानपणी माणदेशात आजोळी जायचो. त्या मातीनंच दिलं." माझं आजोळ मिरजेचं. माणदेश मी पाहिलाय तो नाटकाच्या गाडीच्या खिडकीतून आणि शूटिंगच्या तंबूतून. टाळ्या झाल्या. टाळ्या पुष्कळ झाल्या.

संध्याकाळी हॉल भरला. केस पिकलेले बरेच, थोडे तरुण. सिनेमा सुरू झाला. भूकंप आला, तेव्हा मी आवाज वाढवायला सांगितला होता तो इतका वाढला की खिडक्यांची तावदानं वाजली. पण या गावाला भूकंप माहीत आहे. कुणी दचकलं नाही. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि एक किंचित हसली.

सत्कार झाला. शाल, नारळ. मग प्रश्न. पस्तिशीच्या एक बाई उठल्या. इथल्याच शाळेत शिक्षिका आहे म्हणाल्या.

"मी त्या दुपारी इथं होते. आईजवळ बसले होते. आई मला उचलून पळायलाच निघाली होती, दारापर्यंत गेली होती. तेवढ्यात त्या बाई मेंढरांशी बोलल्या आणि आई थांबली." त्यांनी चादरीकडं हात केला. "पण त्या हे म्हणाल्या नव्हत्या. 'एका अंगावर किती निजंल ती बी,' असं म्हणाल्या होत्या. आमच्या घरात अजून म्हणतात. धक्का बसला की आई आधी तेच म्हणायची, मग आम्ही बाहेर पडायचो. सिनेमात ते का नाही, सर?"

हॉलमध्ये तीन-चार माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "हो, बरोबर आहे. तसंच होतं."

म्हणजे ते वाक्य इथं राहत होतं. माझ्याशिवाय, पोस्टरशिवाय, तीस वर्षं, घराघरांत.

मी माइक जवळ घेतला. "ते वाक्य त्यांचं आहे," मी म्हणालो. "हौसाक्कांचं. नाटकात लिहिलेलं नव्हतं. मी ते मोडून माझ्या नावावर लावलं आणि मातीनं दिलं म्हणून सांगितलं. मातीनं दिलेलं नाही. त्यांनी दिलेलं. मला तर दिलेलंही नाही."

वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. शिक्षिकाबाई अजून उभ्याच होत्या.

"त्या आहेत का अजून?"

"आहेत. सांगलीत असतात."

पहिल्या रांगेतले अध्यक्ष, मला पत्र लिहिणारे, खुर्चीत पुढं सरकले. "अहो, मग त्यांना आणायचं की!" ते म्हणाले. "आम्हांला त्यांचं नाव माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला बोलावलं. सोबत का नाही आणलंत?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. तक्रारीनं नाही. उत्सुकतेनं, आता काहीतरी साधं कारण येईल म्हणून. तब्येत बरी नाही, घाट सोसत नाही, असं काहीतरी.

सकाळी मी सांगलीतल्या जुन्या घरून एकटाच निघालो होतो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच सिग्नल लागला. त्या दारात बसलेल्या दिसल्या, उन्हाला पाठ देऊन. मान वर करून त्यांनी रस्त्याकडं बघितलं, आणि मी गाडीची काच वर घेतली.